जुन्या कागदाचें दुसरें आयुष्य

महाराष्ट्रांतील घरोघरच्या स्त्रियांच्या हातीं पूर्वीं एक उद्योग असे. रद्दी कागद पाण्यांत भिजत घालावयाचा, तो मऊ झाला कीं कुटावयाचा, त्यांत मेथ्यांचें वाटण मिसळावयाचें आणि तो लगदा जुन्या टोपल्यांना व सुपांना आंतबाहेर लिंपावयाचा. टोपलीचीं भोकें बुजत, पीठ सांडत नसे आणि मोडीत निघालेली वस्तु आणखी कांहीं वर्षें संसाराला उपयोगी पडे. जुन्या लुगड्यांची गोधडी ज्या बुद्धीनें शिवली जाई, त्याच बुद्धीचा हा दुसरा आविष्कार होय. टाकाऊ कागदाचा असा सदुपयोग पुष्कळ देशांत झाला. परंतु तो ज्या देशानें बाराशें वर्षांहून अधिक काळ चिकाटीनें केला आणि ज्याच्या इतिहासालाच त्यामुळें नवा प्रकाश मिळाला, तो देश म्हणजे जपान.

जपानांत जुना कागद इतका उपयोगी कां पडला हें समजण्यासाठीं मुळांत तो कागद कसा होता हें पाहिलें पाहिजे. 'निहोन शोकी' या प्राचीन इतिहासग्रंथांत ६१० सालीं कोरियांतील कोगुर्यो राज्यांतून आलेल्या दोन्चो नांवाच्या भिक्षूचा उल्लेख आहे. रंग, कागद व शाई तयार करण्यांत तो निपुण होता, असें तेथें म्हटलें आहे. मूळ विद्या चीनची. जपानी कारागिरांनीं ती आपल्या डोंगराळ मुलुखांतील झुडुपांना लावली. त्यांतील मुख्य झुडूप कोझो, म्हणजे तुतीच्या कुळांतील एक झाड. त्याची आंतरसाल राखेच्या पाण्यांत उकळून व कुटून तिचे तंतु मोकळे करीत. हा तंतु सुमारें १० मिलिमीटर लांब असतो. गिरणीच्या कागदांतील लांकडाचा तंतु त्या मानानें फारच आंखूड. म्हणून कोझोचा कागद पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ असूनहि चिवट असतो. लिहिण्याची शाई काजळीची असल्यामुळें ती पाण्यानें विरघळून जात नसे. चिवट तंतु आणि न जाणारी शाई, या दोन गोष्टींतच पुढील सर्व हकीकतीचें मूळ आहे.

नारा शहरांतील तोदाइजी या बौद्ध मंदिराचें शोसोइन नांवाचें लांकडी कोषागार प्रसिद्ध आहे. आठव्या शतकांतील वस्त्रें, वाद्यें व पात्रें यांच्या जोडीला तेथें दहा हजारांहून अधिक कागदपत्रें सांपडलीं. तीं तेथें येण्याचें कारण मोठें मौजेचें आहे. त्या काळीं सरकार गांवोगांवच्या कुटुंबांची शिरगणती करी. ठराविक मुदतीनंतर त्या याद्या निरुपयोगी ठरून रद्दींत निघत. कागद महाग, म्हणून धर्मग्रंथांच्या नकला करणाऱ्या कचेरीनें त्या याद्या घेतल्या आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर आपला जमाखर्च लिहिला. लेखकांना किती कागद दिला, किती तांदूळ दिला, कोण रजेवर गेला, अशा नोंदी तेथें आहेत. पुढें हा जमाखर्च कोषागारांत पडून राहिला. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धांत विद्वानांनीं तो उलटून पाहिला, तेव्हां पाठीमागें ७०२ सालच्या शिरगणतीच्या याद्या निघाल्या. खेड्यांतील पुरुष, स्त्रिया, मुलें व दास यांचीं नांवें आणि वयें त्यांत नोंदलेलीं आहेत. सरकारानें जीं माणसें टाकून दिलेल्या कागदांत जमा केलीं होतीं, तीं कारकुनांच्या काटकसरीनें वांचलीं.

उत्तरेकडील तागाजो या सरहद्दीवरच्या ठाण्यांत असाच प्रकार निराळ्या रीतीनें घडला. जपानी रोगण झाडाच्या चिकापासून करतात. भांड्यांतील रोगण वाळूं नये व त्यावर धूळ बसूं नये म्हणून कारागीर टाकाऊ कागद त्यावर झांकणासारखा चिकटवून ठेवीत. रोगण भिनलेला तो कागद जमिनींत कुजला नाहीं. चामड्याच्या तुकड्यांसारख्या दिसणाऱ्या या वस्तु उत्खननांत मिळाल्या, आणि त्यांवर अक्षरें आहेत ही गोष्ट १९७८ सालीं जाहीर झाली. डोळ्यांना न दिसणारें तें लिखाण अवरक्त किरणांच्या साहाय्यानें वाचतां येतें.

येथपर्यंत कागद वांचला तो योगायोगानें. जाणूनबुजून जुन्या कागदाला नवा जन्म दिल्याचें एक हृदयस्पर्शी उदाहरण नवव्या शतकांतील आहे. सम्राट सेइवा याची एक राणी फुजिवारा नो तामिको ही ८८६ सालीं वारली. तिच्या मृत्यूची नोंद करतांना त्या काळच्या राजकीय इतिहासानें एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवली आहे. सम्राटाच्या निधनानंतर त्यानें तिला वेळोवेळीं स्वहस्तें लिहिलेलीं पत्रें तिनें एकत्र केलीं, त्यांचा लगदा करवून त्याचा नवा कागद बनविला आणि त्या कागदावर 'सद्धर्मपुंडरीक' या बौद्ध सूत्राची प्रत लिहवून काढली. पत्रें जाळलीं असतीं तर त्यांचा शेवट झाला असता. तशींच ठेवलीं असतीं तर तीं परक्यांच्या दृष्टीस पडलीं असतीं. राणीनें तिसरा मार्ग काढला. सम्राटाची शाई त्या कागदांत मिसळून राहिली, पण तिच्यांतील मजकूर कोणालाहि वाचतां येणार नाहीं असा झाला, आणि वर धर्मवचन उमटलें. भारतांत जन्मलेलें संस्कृत सूत्र, चिनी भाषांतर आणि जपानी राणीचा शोक, यांचा असा संगम एका रद्दीच्या कागदावर झाला.

या रीतीचा पुढें राज्यकारभारांतहि उपयोग झाला. क्योतो येथें नदीकांठीं सरकारी कागदशाळा होती, तिला कामियाइन म्हणत. कोझोच्या सालीचा पुरवठा कमी होऊं लागला तसा तेथें जुन्या कागदाचाच नवा कागद होऊं लागला. शाई पुरती निघत नसे, म्हणून हा कागद करड्या रंगाचा दिसे. त्याला शुकुशी असें नांव होतें. नवल असें कीं, सम्राटाच्या वतीनें निघणारीं 'रिंजी' नांवाचीं आज्ञापत्रें याच करड्या कागदावर लिहिण्याचा प्रघात पडला. गरजेपोटीं आलेली वस्तु दरबाराच्या मानाची खूण होऊन बसली.

१७ व्या शतकापासून एदो शहर, म्हणजे आजचें तोकियो, झपाट्यानें वाढलें आणि पुढच्या शतकांत त्याची वस्ती दहा लाखांच्या घरांत गेली. इतक्या लोकांच्या रद्दीवर जगणारे धंदे निघाले. तराजू घेऊन दारोदार रद्दी विकत घेणारे वेगळे आणि रस्त्यांत पडलेले कपटे वेंचणारे वेगळे. हा माल असाकुसा भागांतील कागद करणाऱ्यांकडे जाई. तेथें तयार होणारा पातळ, करडा कागद 'असाकुसागामी' या नांवानें खपे. नाक पुसण्यास व शौचासाठीं सामान्य लोक तो वापरीत. त्यांत कोठें अक्षराचा तुकडा तर कोठें केंसहि दिसे. पण तो स्वस्त होता. जपानी भाषेंत 'हियाकासु' म्हणजे भिजवून थंड करणें. आणि कांहीं न घेतां नुसत्या चौकशा करीत हिंडणें असाहि त्याचा अर्थ आहे. रद्दी भिजत पडली असतां हे कारागीर वेळ घालविण्यासाठीं नुसते हिंडत, त्यावरून हा दुसरा अर्थ रूढ झाला, अशी लोकप्रिय व्युत्पत्ति सांगतात.

लगदा न करतांहि जुन्या कागदाचे अनेक उपयोग होते. कागदाची अरुंद पट्टी ओलसर बोटांनीं वळली कीं तिची दोरी होते. तिला कोयोरी म्हणतात. या दोऱ्या विणून डबे, टोप, तंबाखूचे बटवे, इतकेंच नव्हे तर रोगण चढवून पाण्याच्या बाटल्याहि करीत. तुटपुंज्या वेतनावरील सामुराई घरीं बसून असलीं कामें करीत. चीनमधून आलेल्या हिकि इक्कान या कलावंतानें (मृत्यु १६५७) सांचावर कागदाचे थर चिकटवून वर रोगण देण्याची रीत चहाच्या पात्रांना लावली. ती 'इक्कानबारी' या नांवानें आजहि ओळखली जाते. लांकडी सांचावर जुना कागद चिकटवून केलेल्या पोकळ बाहुल्यांना हारिको म्हणतात. १७८३ सालीं असामा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि मोठा दुष्काळ पडला. त्या वेळीं ताकासाकी येथील मंदिराच्या पुरोहितानें शेतकऱ्यांना दारुमा बाहुल्या करण्यास शिकवून पोटाचा आधार दिला, अशी तेथील परंपरा आहे. दारुमा म्हणजे बोधिधर्म. भारतांतून चीनला गेलेल्या या आचार्याची कागदी मूर्ति पाडली तरी पुन्हां उभी राहते, आणि म्हणून ती धीराचें प्रतीक मानली जाते.

या सर्वांत आश्चर्यकारक कारागिरी म्हणजे शिफू, अर्थात् कागदाचें कापड. कागद घडी करून त्याला दोन तीन मिलिमीटर रुंदीचे काप देतात, मात्र कडा जोडलेल्या ठेवतात. मग तो दमट करून खरबरीत दगडावर हातानें लाटतात, म्हणजे पट्ट्या गोल होतात. नंतर कडा एकाआड एक फाडीत गेलें कीं एका पानाचा एकच लांब धागा निघतो. त्याला चरक्यावर पीळ देऊन माग भरतात. ताणा सुताचा, रेशमाचा किंवा तागाचा आणि बाणा कागदाचा, ही सामान्य पद्धत. शिरोइशी या गांवचें उत्तम शिफू कोऱ्या कागदाचें असे व तें नजराणा म्हणून शोगुनाकडे जाई. परंतु ज्या थंड प्रदेशांत कापूस पिकत नव्हता, तेथील गरीब शेतकरी दुकानदारांच्या जुन्या चोपड्या फाडून असें कापड विणीत. धाग्यांत शाईचे काळे ठिपके राहत. कोणाची उधारी, कोणाचें येणें, हें सारें विणलें जाऊन अंगरख्यावर करड्या नक्षीसारखें दिसे. असलें वस्त्र हलकें असे आणि बेतानें धुतलें तर टिके.

जुन्या कागदाचा आणखी एक मोठा गिऱ्हाईक म्हणजे घरांतील सरकते पडदे. त्यांना फुसुमा म्हणतात. वरच्या चांगल्या कागदाखालीं मजबुतीसाठीं जुन्या पत्रांचे व हिशेबांचे अनेक थर चिकटवीत. या थरांनीं जपानच्या इतिहासकारांना एक धडा शिकविला. नोतो द्वीपकल्पांत तोकिकुनी नांवाचें जुनें घराणें आहे. तें मोठ्या जमीनदार शेतकऱ्यांचें, असाच सर्वांचा समज होता; कारण जपून ठेवलेल्या दप्तरांत जमीन व सारा यांचीच हकीकत होती. १९८० नंतरच्या दशकांत अमिनो योशिहिको व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील कागदपत्रांचा कसून अभ्यास केला. पडद्यांच्या थरांतून निघालेल्या रद्दींत जहाजें, माल, कर्जें व दूरदूरच्या बंदरांशीं चाललेला व्यापार दिसून आला. सरकारी वह्यांत भूमिहीन म्हणून नोंदलेले कांहीं लोक प्रत्यक्षांत जहाजांचे सधन मालक होते, हेंहि उघड झालें. सरकारच्या दृष्टीनें महत्त्वाचें तेवढेंच जपलें गेलें होतें. व्यापाराचा हिशेब काम संपतांच पडद्यांत गेला होता. जपलेल्या दप्तरावरच विसंबून देशाचा इतिहास लिहिला तर तो शेतीचा व साऱ्याचा होतो, समुद्राचा होत नाहीं, असें अमिनो यांनीं यावरून प्रतिपादन केलें. त्या घराण्याचा एक जुना वाडा १ जानेवारी २०२४ च्या भूकंपांत कोसळला. पडद्यांतील कागद त्यापूर्वींच वाचले गेले होते, हें सुदैव म्हटलें पाहिजे.

१८७० नंतर जपानांत यंत्राचा कागद आला. तो स्वस्त होता व छपाईला सोयीचा होता. पण त्याच्या आंखूड तंतूंना पीळ बसत नसे. दुकानांतील चोपड्या यंत्राच्या कागदाच्या झाल्या, सुताचें कापड स्वस्त झालें, आणि शिफूचे माग थांबले. शिरोइशी येथें कांहीं जाणत्या लोकांनीं १९४० च्या सुमारास ही कला पुन्हां उभी केली. आज ती थोड्या हातांत आहे, पण जिवंत आहे. आपल्याकडे जुन्नरच्या व दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या कागदी लोकांवरहि गिरणीच्या कागदानें हाच प्रसंग आणला. आणि पुण्यांत १९४० सालींच के. बी. जोशी यांनीं हातकागदाची संस्था काढून त्या विद्येला आसरा दिला. तेथें कागद होतो तो कापडाच्या चिंध्यांपासून. जपानांत कागदाचें कापड झालें, येथें कापडाचा कागद झाला.

जपानच्या कोची प्रांतांत आजहि तेंगुजो नांवाचा अतिशय पातळ कागद होतो. त्याच्या सर्वांत तलम प्रकाराचें एक चौरस मीटर पान दोन ग्रॅमहूनहि कमी भरतें. जगांतील ग्रंथालयें फाटलेल्या जुन्या पानांवर तो चिकटवितात; तो बसला कीं खालचीं अक्षरें तशींच वाचतां येतात. ज्या चिवट तंतूमुळें एका राणीला पतीचीं पत्रें नव्या पानांत सांठवितां आलीं आणि शेतकऱ्याला चोपडी अंगावर पांघरतां आली, तोच तंतु आतां जगांतील जुनीं पुस्तकें सांवरून धरीत आहे.