एक थेंब, दहा लाख

आमच्या घराण्यात पत्त्यांना मज्जाव नव्हता, पैशांना होता. म्हणजे मेंढीकोट खेळा, बदाम सात खेळा, रात्र जागवा. पण कुणी चिंचोके लावले रे लावले की मामा डोळे वटारीत. "आज चिंचोका, उद्या घर!" धर्मराजानेही सुरुवात चिंचोक्यांनीच केली असणार, अशी त्यांची खात्री होती.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाच्या वाचनात एक हिशेब आला आणि त्याची झोप उडाली. २०१२ च्या जुलैत अमेरिकेतल्या लास व्हेगासला पोकरची एक स्पर्धा झाली. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा सुटाबुटातला चुलतभाऊ. स्पर्धेला बसायची फी माणशी दहा लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने सुमारे साडेपाच कोटी रुपये. मला वाटले, दोन-तीन वेडे पीर आले असतील. छे! ४८ जण बसले. आणि हे सारे कशासाठी? तर दानधर्मासाठी.

मी हे हिला मोठ्याने वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग सरळ देऊन टाकायचे ना. बसायचं कशाला?"

जगभरच्या टीकाकारांना जे सांगायला पाने लागली, ते हिने एका खड्यासरशी बाजूला काढले.

या स्पर्धेमागचा माणूस म्हणजे कॅनडातला गी लालिबर्ते. तरुणपणी रस्त्यावर तोंडातून आगीचे लोळ काढून दाखवायचा. पुढे त्याने 'सर्क द्यू सोलेय' ही जगप्रसिद्ध सर्कस काढली, गडगंज झाला, २००९ साली स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला. आगीवर पोट भरलेल्या या गृहस्थाला नंतर पाण्याचा ध्यास लागला. गोरगरिबांना स्वच्छ पाणी मिळावे म्हणून त्याने २००७ साली 'वन ड्रॉप', म्हणजे 'एक थेंब', ही संस्था काढली. त्या थेंबासाठी हा दहा लाखांचा डाव. तोही कुठे, तर वाळवंटातल्या गावी!

आता हिशेब पाहा. दहा लाखांपैकी दानाला जायचे १,११,१११ डॉलर. हा आकडा पाहून मी गहिवरलो. अकरा, एक्कावन्न, एकशे एक असे शकुनाचे आकडे आपल्याच आहेराच्या पाकिटात असतात, असा माझा समज होता. पण गणित मांडले तेव्हा शकुन ओसरला. दान रुपयात अकरा पैसे. उरलेले एकोणनव्वद पैसे परत खेळणाऱ्यांच्याच बक्षिसांना. पाण्याला मिळाले ५३,३३,३२८ डॉलर आणि बक्षिसांना ४,२६,६६,६७२. पहिला आलेला अँटोनियो एस्फंडियारी एकटाच १,८३,४६,६७३ डॉलर घेऊन गेला. म्हणजे तहानलेल्यांना मिळाले त्याच्या तिपटीहून जास्त.

यावर लोक बोलणारच. कोणी म्हणाले, हा जुगारच आहे, फक्त कपाळाला गंध लावून आलेला. कोणी म्हणाले, अहो, ही मंडळी एरवीही खेळतातच; निदान या वेळी अकरा पैसे तरी सुटले! खेळ भरवणाऱ्यांनीही त्या वर्षी आपला नेहमीचा कट घेतला नव्हता. शिवाय सगळेच कुबेर नव्हते. काही धंदेवाईक खेळाडूंनी फी जमवण्यासाठी आपल्या संभाव्य बक्षिसातले हिस्से आधीच विकले होते. (मी माझे हिस्से काढले तर ही सोडून गिऱ्हाईक नाही. तीही घासाघीस करील.)

गंमत म्हणजे हिचे म्हणणे ऐकल्यासारखा एक जण त्या टेबलावर होता. डेव्हिड आइनहॉर्न नावाचा गुंतवणूक-व्यवसायातला बडा माणूस तिसरा आला. त्याला मिळाले साडेत्रेचाळीस लाख डॉलर. ते त्याने शाळांमधून काम करणाऱ्या 'सिटी इयर' या संस्थेला देऊन टाकले. एका माणसाचे हे दान आणि ४८ जणांचे मिळून पाण्याचे दान यांत फरक जेमतेम दहा लाखांचा. म्हणजे अवघी एक फी.

२०१४ साली पुन्हा डाव मांडला. या वेळी ४२ जण. जिंकला डॅनियल कोलमन नावाचा २३ वर्षांचा पोरगा. बक्षीस १,५३,०६,६६८ डॉलर. आणि पोरगा मुलाखत देईना! एवढे पैसे मिळाल्यावर आपण पानवाल्यालाही मुलाखत दिली असती. काहींनी त्याला कृतघ्न ठरवले. चार शब्द बोलला असता तर पाण्याच्या कामाचा गाजावाजा झाला असता, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याने लिहिले, की हा खेळ खेळणाऱ्यांचे एकंदरीत नुकसानच करतो, त्यापायी माणसे पैशाने आणि मनाने उद्ध्वस्त होतात, म्हणून त्याची जाहिरात करायला माझे मन घेत नाही. दीड कोटी डॉलर खिशात टाकून हे सांगणे सोपे, असे कोणी म्हणेल. मला मात्र मामांची आठवण झाली. चिंचोक्याचे तत्त्वज्ञान थेट लास व्हेगासला पोचले होते.

२०१६ साली लालिबर्तेने डाव माँटे कार्लोला नेला आणि धंदेवाईकांना दारातच अडवले. फक्त हौशी शेठ लोक. २०१९ साली लंडनला दुसऱ्याच मंडळींनी त्यावर ताण केली. फी साडेदहा लाख पौंड, त्यातले दानाला ५० हजार. रुपयातले अकरा पैसे आता पाचाच्याही खाली आले. ५४ जणांचे मिळून दान २७ लाख पौंड; आणि शेवटी उरलेल्या दोघांनी आपसात वाटणी ठरवल्यामुळे दुसऱ्या आलेल्या ब्रिन केनीला पहिल्यापेक्षा जास्त, सुमारे १ कोटी ६९ लाख पौंड मिळाले.

हे सगळे मी हसत हसत लिहिणार होतो. पण मध्येच थर्मास आडवा आला.

फार वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगीतला वॉचमन जिन्यावरून पडला. मांडीचे हाड मोडले. सेक्रेटरी वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरले. मी वरच्यांनी किती दिले ते पाहिले, खालच्यांनी किती दिले ते पाहिले आणि मध्यम मार्ग म्हणून पाच रुपये दिले. सगळ्यांचे मध्यम मार्ग मिळून प्लास्टरचेही पैसे जमेनात. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघाले, की कोजागिरीला गच्चीवर हाऊजी ठेवू. तिकीट पाच रुपये. अर्धे पैसे वॉचमनला, अर्धे बक्षिसांना. रुपयात पन्नास पैसे! लालिबर्तेपेक्षा आम्ही कितीतरी उदार.

दोन तासांत तिकिटे संपली. सरळ मागितल्यावर पाच देणाऱ्या मी चार तिकिटे घेतली, आणि ही पाहत नाहीसे बघून पाचवे. फुल हाऊस मलाच लागले. पंच्याहत्तर रुपये. मसाला दूध पिता पिता क्षणभर मनात आले, की हेही देऊन टाकावेत. पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी निळा थर्मास घेऊन आलो.

तीन महिन्यांनी वॉचमन काठी टेकत कामावर आला. मला पाहून सलाम केला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीही खेळलात म्हणे माझ्यासाठी."

मी "हो" म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

थर्मास अजून आहे. त्यात चहा चांगला गरम राहतो. एस्फंडियारीबद्दल चार खमंग वाक्ये मी लिहून ठेवली होती. ही चहा ओतत असताना ती खोडून टाकली. तिने विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "काही नाही. चटका बसला."