बर्मिंगहॅम, काळी एक

साल १९६५. तुम्ही बर्मिंगहॅममध्ये आहात आणि जेवणाची सुट्टी संपत आलीय. एका घरात सतरा वर्षांचा टोनी आयोमी आईशी हुज्जत घालतोय. आज कारखान्यातला शेवटचा दिवस, पुढे एका बँडबरोबर जर्मनीला जायचंय, मग अर्ध्या दिवसासाठी परत कशाला जायचं? आईला हे पटत नाही. दिवस पुरा भरून ये, म्हणते. पोरगं निमूट निघतं.

त्याच्यामागोमाग तुम्ही पत्र्याच्या कारखान्यात शिरता. एरवी तो वेल्डिंग करतो, पण प्रेसवरच्या कामगाराने दांडी मारलीय म्हणून आज त्याला तिथे उभं केलंय. मशीन खाली येतं. तो दचकून हात मागे खेचतो आणि मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं प्रेसखालीच राहतात. हात उजवा असला तरी टोनी डावखुरा आहे, म्हणजे गिटारच्या तारा दाबणारा हात हाच. ओरडून सावध करायचा मोह तुम्हाला आधी झाला असेल. नाही केलंत ते बरं झालं, असं म्हणणं क्रूर आहे, पण पुढचं सगळं संगीत या अपघातानंतरचं आहे.

आता वाजवणं विसर, असं डॉक्टर सांगतात. कारखान्याचा मॅनेजर मात्र एक रेकॉर्ड घेऊन घरी येतो. जँगो राइनहार्टची. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला हा गिटारवादक उरलेल्या बोटांनी काय करतो, ते टोनी ऐकतो. मग तो भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं घडवतो, वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवतो. गिटारच्या जाड तारा बोटांना झेपत नाहीत, म्हणून बॅन्जोच्या हलक्या तारा चढवतो. या जुगाडाला पुढे कोणी प्रतिभा म्हणेल, पण आत्ता तरी ती निव्वळ गरज आहे.

१९६९ मध्ये या. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगार वस्तीतली चार पोरं ‘अर्थ’ नावाने ब्लूज वाजवतायत. टोनीच्या गिटारसोबत ऑझी ऑस्बर्न गातो, गीझर बटलर बास वाजवतो, ड्रमवर बिल वॉर्ड. ऑझीने कत्तलखान्यातही काम केलंय आणि गाड्यांचे हॉर्न तपासायचंही, म्हणजे आवाजाशी संबंध जुनाच! ‘अर्थ’ नावाचा आणखी एक बँड निघाल्याने यांना नाव बदलायचंय. सरावाच्या जागेसमोर बोरिस कार्लॉफच्या भयपटाला रांग लागलेली असते. घाबरण्यासाठी लोक पैसे मोजतात, मग आपणच का घाबरवू नये? सिनेमाचं नाव बँड उचलतो: ‘ब्लॅक सॅबथ’.

त्याच नावाच्या गाण्याला कान द्या. टोनी षड्ज लावतो, मग वरचा षड्ज, आणि तिथून उतरून तीव्र मध्यमावर थांबतो. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम तुम्ही शेकडो वेळा ऐकलाय. तिथे गंधार आणि पंचम त्याला सांभाळून घेतात. इथे त्याला कुणी नाही. सुरांमधली शांतता इतकी लांबते की पुढचा सूर येईल की नाही याची धाकधूक वाटते.

ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत पहिला अल्बम एका दिवसात रेकॉर्ड होतो. १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, तो बाजारात येतो. समीक्षक नाकं मुरडतात, लोक विकत घेतात. सप्टेंबरात ‘पॅरानॉइड’ येतो आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जातो.

१९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये टोनी काही गाण्यांसाठी पट्टी उतरवतो, पांढरी तीनवरून थेट काळी एक. तारा सैल पडतात, बोटांवरचा ताण कमी होतो आणि आवाज जड होतो. पुढच्या पन्नास वर्षांत असंख्य गिटारवाले याच पट्टीवर उतरतील. त्यांची बोटं मात्र धडधाकट असतील.

पण हा बँड एका जागी बसणारा नाही. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या बंगल्यात कोकेनचा सुकाळ आहे, आणि त्यातच टोनी पियानोवर ‘चेंजेस’ बसवतोय. गाण्यात गिटार नाही, ड्रमही नाहीत. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या क्लिअरवेल किल्ल्याच्या तळघरात ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’ची गाणी रचली जातात, तर रेकॉर्डिंगला ‘येस’ बँडचा रिक वेकमन कीबोर्ड वाजवून जातो. १९७५ मध्ये कॉयरही येतो. माझ्या मते त्यांची सगळ्यात धीट वर्षं हीच. १९७६ आणि १९७८ चे अल्बम मात्र तुम्ही भराभर ओलांडा.

१९७९ मध्ये ऑझीला काढून टाकतात. त्याच्या जागी येतो रॉनी जेम्स डिओ, बुटका आणि प्रचंड आवाजाचा. ‘आयर्न मॅन’ या गाण्यात ऑझी गिटारचीच चाल गळ्यातून म्हणत होता. डिओ गिटारला छेद देत स्वतःची वाट गातो, त्यामुळे १९८० च्या ‘हेवन अँड हेल’मध्ये टोनीची रचनाच मोकळी होते. नाव तेच राहतं आणि बँड जवळपास दुसरा होतो.

पुढे गायक बदलत राहतात. १९८३ च्या दौऱ्यात स्टोनहेंजचा देखावा एवढा अवाढव्य बनतो की बहुतेक सभागृहांत तो मावतच नाही. हसा खुशाल. या सगळ्या उलथापालथीत न हललेला माणूस एकच, टोनी.

मग ऑझी परततो आणि मानसन्मान सुरू होतात. २००० मध्ये ग्रॅमी मिळतं, तेही तीस वर्षं जुन्या ‘आयर्न मॅन’च्या मैफिलीतल्या ध्वनिमुद्रणाला. २०१३ च्या अल्बमसाठी निर्माता रिक रुबिन त्यांना बसवून त्यांचाच पहिला अल्बम ऐकवतो. ‘१३’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जातो, जे त्यांच्या बाबतीत आजवर कधीच घडलेलं नसतं. पण म्हाताऱ्यांना तरुणपणीची नक्कल करायला सांगण्यातला हा गौरव मला जरा खटकतो.

५ जुलै २०२५. ॲस्टनचं व्हिला पार्क फुटबॉल मैदान. ऑझीचं लहानपणीचं घर इथून हाकेच्या अंतरावर. पार्किन्सन्सने ग्रासलेला ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गातोय आणि वीस वर्षांनी मूळ चौघे एकत्र आहेत. दिवसभर मेटॅलिका, स्लेयर, गन्स एन रोझेस यांनी त्यांना सलामी दिलीय. चौघे चार गाणी वाजवतात, चारही १९७० सालची. पण त्याआधी यंगब्लड या तरुण गायकाने ‘चेंजेस’ म्हटलं, तेव्हा अख्खं मैदान त्याच्याबरोबर गात होतं, हेही तुम्ही ऐकलंत. २२ जुलैला ऑझी गेला.

परतल्यावर १९७० चे दोन्ही अल्बम तुम्ही लावालच, ते सगळेच लावतात. त्याऐवजी ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’ आणि ‘हेवन अँड हेल’ लागोपाठ ऐका. मधे सात वर्षं गेलीत, गायक बदललाय, बाजही बदललाय. गिटार कोणाची आहे हे मात्र कुणाला विचारावं लागणार नाही.