चौसष्ट बाइटांतली वाटणी

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी-एक्सटी बाजारात आणला. त्याच्यासाठी आलेल्या डॉस २.० मध्ये डिस्कचे हिस्से पाडणारा ‘एफडिस्क’ हा प्रोग्राम होता. डॉसशेजारी सीपी/एम-८६ किंवा झेनिक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायची, तर प्रत्येकीला स्वतंत्र हिस्सा, म्हणजे पार्टिशन, हवे होते. कारण फाइली मांडण्याची प्रत्येकीची रीत वेगळी होती.

या वाटणीची नोंद डिस्कच्या पहिल्याच, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये होई. त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी, शेवटचे २ ओळखखुणेसाठी. मधल्या ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी बसत, म्हणून पार्टिशनही चारच. १९८७ च्या डॉस ३.३ ने यातून वाट काढली: चारांपैकी एक पार्टिशन ‘एक्स्टेंडेड’ ठरवून त्याच्या पोटात आणखी हिस्से पाडता येऊ लागले. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम या पोटहिश्शांना ५ पासून क्रमांक देते. पहिले चार मूळ नोंदींसाठी राखीव असतात.

१९९० च्या दशकात विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर नांदू लागल्या आणि तंटा पहिल्या सेक्टरवरून सुरू झाला. विंडोज तिथला प्रोग्राम न विचारता बदलत असे. म्हणून आधी विंडोज आणि मग लिनक्स, असा शिरस्ता पडला. लिनक्सचा लिलो हा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) डिस्कवरची जागा टिपून ठेवी. त्यामुळे कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवावा लागे. शिवाय जुन्या बायोसला, म्हणजे संगणकातल्या अंगभूत प्रोग्रामला, १,०२४ सिलिंडरांपलीकडचे, म्हणजे डिस्कच्या पुढच्या भागातले, वाचता येत नसे. त्यासाठी डिस्कच्या सुरुवातीलाच कर्नलपुरते छोटे ‘बूट’ पार्टिशन ठेवत. १९९५ मध्ये आलेला ग्रब हा बूटलोडर फाइल सिस्टिम स्वतः वाचू शके, त्यामुळे टिपणाची कटकट मिटली.

मास्टर बूट रेकॉर्डमधल्या पार्टिशनांच्या जुन्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असल्याने सुमारे २ टेराबाइटपुढची जागा मोजता येत नव्हती. बायोसची जागा घेणाऱ्या इंटेलच्या ईएफआयबरोबर आलेल्या जीपीटी तक्त्याने हा क्रमांक ६४ बिटांचा केला, सर्वसाधारणपणे १२८ नोंदींची सोय केली आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली. बूटलोडरांसाठी वेगळे पार्टिशन आले; त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतंत्र फोल्डर असतो, त्यामुळे पहिल्या सेक्टरसाठीची ओढाताण संपली. तो सेक्टर मात्र जीपीटी डिस्कवरही आहे. जुन्या प्रोग्रामांनी डिस्क रिकामी समजू नये, म्हणून त्यातली एक नोंद डिस्क व्यापलेली असल्याचे सांगते.