जोर्व्याचं खापर

संगमनेर तालुक्यातलं आपलं जोर्वे. १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी इथं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. ओळख कशावरून? खापरावरून!

भांडं चाकावर घडवायचं, चिकणमातीचा पातळ लेप द्यायचा, वर काळ्या खनिज रंगानं चौकटी, तिरप्या रेघा काढायच्या, मग भट्टीत. भाजल्यावर अंग लाल-केशरी, रेघ काळी. टिचकी मारली तर धातूसारखा खण्ण आवाज. आजचे डिस्टेंपर दहा वर्षं टिकत नाहीत, ते सोडा.

पुढची गोष्ट शिरूर तालुक्यातल्या इनामगावात कळली. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून बरीच वर्षं खणलं. इ.स.पू. १००० च्या सुमारास दिवस फिरलेले दिसतात. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, भांडी जाडीभरडी झाली, नक्षी कमी झाली. पाऊस हटला असावा, असं अभ्यासक म्हणतात.

हे कळलं ते कुठल्या थरात कुठलं खापर होतं यावरून. आणि आपण पांढरीची माती ट्रॉल्या भरून नेतो! जेसीबी लावण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवा. रंगीत खापर दिसलं तर उचलू नका; फोटो काढा, जागा लिहून ठेवा.