चक्रवाल पद्धती

न क्ष² + १ = य² या वर्गप्रकृती-समीकरणाची पूर्णांकी उत्तरे काढण्याची प्राचीन भारतीय गणनरीती. ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’वर (६२८), म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगाने नवे उत्तर काढण्याच्या कृतीवर, उभी राहिलेली आणि जयदेवालाही अवगत असलेली ही रीती, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड येथील भास्कराचार्यांनी (जन्म १११४) आपल्या बीजगणितात सर्वांत प्रसन्नपणे विशद केली.

६१ × १² + ३ = ८² येथून आरंभ करून, ८ मध्ये मिळवल्यास ३ ने निःशेष भाग जाईल आणि ज्याचा वर्ग ६१ च्या निकटतम असेल असा गुणक, म्हणजे ७, घेतला की एकाच फेऱ्यात ६१ × ५² − ४ = ३९² हाती येते; पुढे भावनेने २२,६१,५३,९८० व १,७६,६३,१९,०४९ हे लघुतम उत्तर मिळते. फेर्माने १६५७ मध्ये आव्हान म्हणून मांडलेली संख्याही ६१च, हा योगायोग विलक्षण होय.

वर्गमुळाचे दशांशी आसन्नमान कोठेही न घेता केवळ पूर्णांकांवर चालणारी, क्षेप (समीकरणात मिळवलेली संख्या) लहान राखणारी ही रीती संगणकीय बीजगणितास सर्वथा अनुरूप आहे. मात्र उत्तरांचे अंक वाढत जात असल्याने तेथे महासंख्यांचा गुणाकार जलद असावा लागतो, आणि संख्यांचे दोन-दोन भाग पाडून चारांऐवजी तीनच गुणाकारांत काम भागविणारी कारात्सुबाची युक्ती (१९६०) त्या कामी येते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावनजीक पाटण येथे मठ स्थापिला. त्यास मिळालेल्या इनामाची नोंद तेथील शके ११२८ च्या शिलालेखात आहे.