सिव्हिलायझेशन ६ : जंगल तोडायचं की राखायचं? नेमकं गणित काय आहे?

‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये नवं शहर वसवलं आणि भोवती गर्द जंगल निघालं, की नवखे खेळाडू बहुतेक वेळा एकच काम करतात. बिल्डर पाठवतात आणि झाडं साफ करतात. जागा मोकळी होते आणि थोडं अन्न व उत्पादन लगेच हाती येतं. सौदा फायद्याचा वाटतो. पण पन्नास टर्ननंतर शेजारचं सैन्य चालून येतं, तेव्हा शहराभोवती आडोसा उरलेला नसतो. विज्ञानातही आपण मागे पडलेलो असतो.

या खेळात एकदा तोडलेलं रेनफॉरेस्ट परत लावता येत नाही. पुढे ‘कॉन्झर्वेशन’ मिळाल्यावर वुड्स, म्हणजे साधी वनराई, लावता येते. रेनफॉरेस्ट मात्र कायमचं गेलेलं असतं. म्हणूनच हा निर्णय घाईत घेण्यासारखा नाही.

आधी हा खेळ काय आहे?

फिराक्सिस गेम्स या अमेरिकी स्टुडिओने बनवलेला हा खेळ ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. यात नकाशा षटकोनी टाइल्समध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक खेळाडू आपापल्या टर्नला चाल करतो. शहरं वसवायची, संशोधन करायचं, लढायचं आणि एक संस्कृती प्राचीन काळापासून आधुनिक युगापर्यंत न्यायची, असं त्याचं स्वरूप आहे. रेनफॉरेस्ट प्रामुख्याने नकाशाच्या मधल्या, विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात सापडतं.

लढाईत जंगल काय करतं?

तीन गोष्टी करतं.

पहिली, वेग कमी करतं. सपाट मोकळ्या टाइलवर जायला १ चाल लागते, जंगलात २. सुरुवातीच्या योद्ध्याकडे २ चाली असतात. म्हणजे तो एका टर्नमध्ये जंगलाची एकच टाइल पार करतो.

दुसरी, संरक्षण देतं. जंगलात उभ्या असलेल्या तुकडीला बचाव करताना ३ गुण जास्त मिळतात. जंगल टेकडीवर असेल तर टेकडीचे आणखी ३ मिळून ६ होतात. आकडा छोटा वाटतो, परिणाम छोटा नाही. प्रत्येक तुकडीची तब्येत १०० असते आणि दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तर एका चढाईत दोघांचं सरासरी ३० नुकसान होतं. बचाव करणाऱ्याला ६ गुण जास्त असतील, तर त्याचं नुकसान साधारण २४ वर येतं आणि हल्ला करणाऱ्याचं ३८ वर जातं. अशा दोन-तीन चढायांत लढाईचं पारडं फिरतं.

तिसरी, नजर अडवतं. तीरंदाज दोन टाइल्सपर्यंत बाण मारू शकतो. पण तो सपाट जमिनीवर असेल आणि मधल्या टाइलवर जंगल असेल, तर पलीकडचा शत्रू त्याच्या टप्प्यात येत नाही.

इथेच अनेकांची चूक होते. ते तीरंदाज जंगलात खोल ठेवतात आणि मग त्यांनाच समोरचं काही दिसत नाही. योग्य जागा म्हणजे जंगलाचा काठ. तीरंदाज शेवटच्या झाडीत आणि समोर मोकळं मैदान. शत्रू उघड्यावरून येतो, बाण खातो आणि जवळ पोहोचला तरी झाडीतल्या तुकडीवर हल्ला करणं त्याला महागात पडतं.

शांततेच्या काळात काय फायदा?

विज्ञानाचा. कॅम्पस या जिल्ह्याला शेजारच्या दर दोन रेनफॉरेस्ट टाइल्समागे १ विज्ञान मिळतं. मात्र जिल्हा थेट जंगलावर बांधला तर ती टाइल साफ होते. त्यामुळे कॅम्पस मोकळ्या जागेत बांधायचा आणि भोवतीचं जंगल राखायचं.

शहरात ‘चिचेन इत्झा’ हे आश्चर्य बांधलं, तर तिथल्या प्रत्येक रेनफॉरेस्ट टाइलला २ संस्कृती आणि १ उत्पादन जास्त मिळतं. ते रेनफॉरेस्टवरच बांधावं लागतं. म्हणजे सगळी झाडी आधीच साफ केलेल्या शहरात हा पर्याय बंद होतो.

जंगलातच बहरणाऱ्या संस्कृती

ब्राझील : कॅम्पस, होली साइट, कमर्शियल हब आणि थिएटर स्क्वेअर या चार जिल्ह्यांना शेजारच्या प्रत्येक रेनफॉरेस्टमागे १ गुण मिळतो.

काँगो : न्गाओ म्बेबा हे काँगोचे खास सैनिक जंगलातून न अडखळता चालतात आणि झाडीपलीकडचंही पाहू शकतात.

व्हिएतनाम : जानेवारी २०२१ मध्ये खेळात आलेल्या या संस्कृतीचे विशेष जिल्हे फक्त वुड्स, रेनफॉरेस्ट किंवा दलदलीतच बांधता येतात. नेता आहे बा त्रिएउ. तिसऱ्या शतकात चीनच्या वू राज्याविरुद्ध बंड करणारी ही खरीखुरी योद्धा होती. तिच्या तुकड्यांना अशा भूभागात लढताना ५ गुण जास्त मिळतात आणि स्वतःच्या हद्दीत १०. व्हिएतनामवर चालून जायचं असेल तर त्यांना मोकळ्या जमिनीवर खेचणंच शहाणपणाचं.

मग जंगल कधीच तोडू नये का?

तसंही नाही. ब्राँझ वर्किंगचं संशोधन झालं की रेनफॉरेस्ट तोडता येतं. बिल्डरच्या तीनपैकी एक काम त्यात खर्च होतं. मिळणारं उत्पादन शहरात त्या वेळी जे बनतंय त्यात जमा होतं. त्यामुळे एखादं आश्चर्य पूर्ण व्हायला थोडंच बाकी असेल आणि प्रतिस्पर्धीही तेच बांधत असेल, तर तोड सार्थकी लागते. मॅग्नस हा गव्हर्नर शहरात असेल तर ५० टक्के जास्त मिळतं. शिवाय रेनफॉरेस्ट शेजारच्या टाइल्सचं आकर्षण कमी करतं. पुढे राष्ट्रीय उद्यान किंवा समुद्रकिनारी रिसॉर्ट करायचं असेल तिथे ते अडचणीचं ठरतं. ब्राझीलसाठी मात्र उलट आहे, त्यांच्याकडे रेनफॉरेस्टने आकर्षण वाढतं.

थोडक्यात, बिल्डरला कामाला लावण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. ही टाइल शत्रूच्या वाटेवर आहे का? तिच्याशेजारी कॅम्पस होणार आहे का? आणि आत्ता मिळणाऱ्या उत्पादनाची खरंच निकड आहे का? पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर तिसऱ्याचं उत्तर फारच ठाम असायला हवं. कारण आत्ता मिळणारं उत्पादन एकदाच मिळतं, उभं जंगल मात्र खेळ संपेपर्यंत उपयोगी पडतं.