पान्यावरचा आकडा

पान्यावर कोरलेला आकडा कशाचे माप सांगतो, यावरून त्या पान्याचे कूळ ओळखता येते. आजच्या १० नंबरच्या पान्यावरचा १० म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर, मिलिमीटरमध्ये. जुन्या ब्रिटिश पान्यावरचे १/४ मात्र बोल्टच्या दांडीची जाडी सांगते. त्याच्या नटाचे माप ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. मुंबईच्या उपनगरांतल्या गॅरेजांमध्ये ब्रिटिश, युरोपीय आणि जपानी अशी तीन घराणी एकामागून एक आली. मोटारसायकलीसाठी पाना निवडताना आधी गाडी कोणत्या घराण्यातली, हे पाहावे लागते.

पहिले, ब्रिटिश घराणे जोसेफ व्हिटवर्थ यांचे. त्यांच्याआधी इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडत असे आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ५५ अंशांचा एकच आटा आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे असे प्रमाण मांडले. दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना भांडुपच्या भेटीत मुंबई-ठाणे रेल्वेची कल्पना सुचली; १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी धावली. रेल्वे आणि गिरण्यांच्या ब्रिटिश यंत्रांबरोबर इंची नट-बोल्ट आणि ते खोलणारे पानेही मुंबईत रुजले.

मोटारसायकलीत हे घराणे टिकवले बुलेटने. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्डच्या बुलेटची जुळणी सुरू झाली आणि इंग्लंडमधल्या मूळ आराखड्याबरोबर तिथले आटेही आले. अशा जुन्या बुलेटच्या १३.३ मिलिमीटरच्या नटावर १३ चा पाना चढतच नाही. १४ चा चढतो, पण ०.७ मिलिमीटरची ढील राहते. सैल नट तेवढ्यावर सुटतोही. जाम झालेल्या नटाचे मात्र कोपरे घासतात, तो गोल होतो आणि मग छिन्नीशिवाय इलाज उरत नाही. जुन्या ब्रिटिश पान्यांवर बऱ्याचदा एका तोंडाशी दोन आकडे दिसतात: १/४ डब्ल्यू (व्हिटवर्थ) आणि ५/१६ बीएस (बीएसएफ). दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी व्हिटवर्थ बोल्टची डोकी बारीक आट्यांच्या बीएसएफ बोल्टच्या मापावर आणली गेली, तेव्हापासून एकाच जाडीच्या दोन्ही बोल्टांना एकच पाना चालू लागला.

दुसरे, युरोपीय घराणे थेट भांडुपमध्येच उभे राहिले. १९४९ साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, या कंपनीच्या भांडुपच्या कारखान्यात इटलीच्या इनोचेंती कंपनीच्या लॅम्ब्रेटा स्कूटर जुळवल्या जाऊ लागल्या. त्यांचे नट-बोल्ट मेट्रिक होते. भारताने मापांची दशमान पद्धत स्वीकारणारा कायदा १९५६ मध्ये केला, पण रस्त्यावरच्या मिस्त्रीला मिलिमीटरची सवय लावली ती कायद्यापेक्षा अशा गाड्यांनी. मुंबईचे रुस्तम इराणी यांनी आधी आयात केलेली आणि १९६१ पासून म्हैसूरला बनू लागलेली चेकोस्लोव्हाकियाची जावा हीसुद्धा मेट्रिकच. इटालियन स्कूटरची खास खूण म्हणजे ७ मिलिमीटर जाडीचा बोल्ट आणि त्याचा ११ चा पाना. लॅम्ब्रेटा-व्हेस्पाच्या मिस्त्रीचे त्याच्यावाचून पान हलत नाही. जपानी वंशाच्या मोटारसायकलीत मात्र तो क्वचितच लागतो.

गोटी पान्याचा (सॉकेटचा) वंश मात्र या तिन्ही घराण्यांबाहेरचा, अमेरिकी. हातोडीने ठोकून दांड्यावर पक्क्या बसवलेल्या गोट्या पूर्वीही होत्या. मिलवॉकीच्या जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडमन यांनी १९२० साली गोटी दांड्यापासून सुटी केली: पाच दांडे, दहा गोट्या, आणि त्यांच्या जोड्यांतून पन्नास पाने. त्यांचाच व्यवसाय पुढे स्नॅप-ऑन कंपनी झाला. दांडा जिथे बसतो ते गोटीचे चौकोनी भोक अमेरिकेत इंचात ठरले आणि तसेच जगभर गेले. म्हणून आजही मिलिमीटरची गोटी मागच्या बाजूने पाव इंची, ३/८ इंची किंवा अर्धा इंचीच असते.

तिसऱ्या, जपानी घराण्याने उपनगरांतल्या गॅरेजचा नूरच पालटला. १९८४ ते १९८६ या काळात इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० आणि कावासाकी बजाज केबी १०० या गाड्या आल्या आणि पेटीत ८, १०, १२, १४, १७ हे आकडे कायमचे बसले. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके आंतरराष्ट्रीय प्रमाणात १३ चे, जपानी प्रमाणात १२ चे. १० मिलिमीटरच्या बोल्टला जपानी पाना १४ चा, नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा १६ चा आणि जुन्या जर्मन प्रमाणाचा १७ चा. आटे तेच, डोके वेगळे. ६ मिलिमीटरच्या बोल्टला सर्वत्र १० चा पाना चालतो. फक्त कॉलरवाल्या छोट्या डोक्याला ८ चा लागतो.

या इतिहासातूनच आजची निवड ठरते. जपानी वंशाच्या गाडीसाठी ८, १०, १२, १४, १७, १९ चे रिंग पाने आणि गोट्या पुरतात. युरोपीय प्रमाणाच्या गाडीसाठी १३ हवाच. जुन्या बुलेटसाठी व्हिटवर्थचे पाने वेगळेच घ्यावेत. नवे पाने मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात मिळतात. देशी बनावटीचे हवे असतील, तर नाशिकची टपारिया टूल्स १९६९ पासून हत्यारे बनवते. गोटी बारा कोनांची नको, सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची पटकन बसते, पण ती नटाला कोपऱ्यांजवळ पकडते. सहा कोनांची सपाट बाजूंवर जोर देते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत सायलेन्सरचा नट गंजून धरला की हा फरक लगेच हाताला कळतो. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, म्हणून घट्ट नट आधी रिंग पान्याने किंवा गोटीने सैल करावा आणि मगच फिक्स पाना लावावा. इंजिनच्या कव्हरवरच्या ओळीने बसलेल्या लहान बोल्टांसाठी गॅरेजवाले ८ आणि १० चा टी पाना वापरतात. दोन्ही हातांचा जोर समान पडतो आणि बोल्ट भरभर फिरतो.

दांड्यांत मोटारसायकलीला ३/८ इंची सगळ्यांत सोयीचा. अर्धा इंची दांडा चाकाच्या धुरीच्या नटाला योग्य, पण लहान बोल्टला घातक. ॲल्युमिनियमच्या कव्हरमधला ६ मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा असतो. लांब दांड्याने हा आकडा कळायच्या आत ओलांडला जातो आणि आटे जातात, तेही बोल्टचे नव्हे तर इंजिनचे. हा जोर मोजण्यासाठी कॉनरॅड बाहर यांनी १९१८ साली न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात टॉर्क पाना तयार केला. तिथल्या नळांच्या सांध्यांचे बोल्ट कमीजास्त आवळले जात होते. मोटारसायकलीत सिलिंडर हेडचे नट टॉर्क पान्यानेच, कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, समोरासमोरच्या जोड्यांनी आणि दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात.